दोन माणसांचा हलका टेंट, सह्याद्रीचा पाऊस आणि आमच्या तीन रात्री

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. दोन पावसाळ्यांत वरून पडणारं पाणी या टेंटने जवळजवळ आत येऊच दिलं नाही, आणि तरीही ज्या तीन रात्री आम्हाला खरंच झोडपून काढलं त्यातल्या दोन रात्री आम्ही ओले झालो. मग पाणी आलं कुठून, हे नीट समजायला मला अख्खा एक सीझन लागला. म्हणून सविस्तर लिहितेय, कारण टेंट घेताना आपण सगळे एकच आकडा बघतो, किती एमएम वॉटरप्रूफ, आणि तेवढ्यावर पैसे भरून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण हाच नमुना बाजारात बऱ्याच नावांनी मिळतो, रंग आणि पिशवीवरचं लेबल तेवढं बदलतं. ओळखायची खूण सांगते. अॅल्युमिनियमचा एकच पोल, तो डोक्याच्या बाजूला दोन फांद्यांसारखा फुटतो आणि पायाच्या बाजूला एकच दांडी जमिनीला टेकते. आतला भाग, म्हणजे इनर, बराचसा जाळीचा, आणि त्याच्या वरून वेगळा फ्लाय, म्हणजे पाणी अडवणारं बाहेरचं कापड. कापड २०डी नायलॉन (डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप), बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग, लेबलवर फ्लाय ३००० एमएम आणि तळाला ४०००. मला ११,५०० ला पडला. लेबलवर वजन १.६ किलो लिहिलंय, आमच्या भांडुपच्या वाण्याकडे काट्यावर ठेवला तर खुंट्या, दोऱ्या, पिशव्या सगळं धरून १.९४ भरला. लेबलवर बऱ्याचदा फक्त इनर, फ्लाय आणि पोलचं वजन असतं, हे लक्षात ठेवा. आणि पावसातून तसाच ओला गुंडाळून आणला की अडीच किलोच्या वर जातो, म्हणजे परतीच्या वाटेवर तो हलका राहतच नाही.

त्या एमएमबद्दल एक सांगते कारण ट्रेकच्या ग्रुपवर नेहमी गोंधळ होतो. हे पावसाचे मिलिमीटर नव्हेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, म्हणून १००० एमएमचा टेंट पुरेल असा हिशोब काही लोक खरंच मांडतात, पण या दोन मिलिमीटरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कापडावर नळी उभी धरायची, त्यात पाणी भरत जायचं आणि किती उंचीवर पाणी कापडातून झिरपायला लागतं ती उंची मोजायची, ३००० म्हणजे तीन मीटर पाण्याचा दाब. पडणाऱ्या पावसाला एवढं भरपूर झालं. पण ओल्या जमिनीवर आपण तळावर गुडघा किंवा कोपर टेकवतो तेव्हा तेवढ्याशा जागेवर बराच जास्त दाब येतो, म्हणून तळ नेहमी फ्लायपेक्षा दणकट हवा.

पहिली रात्र भंडारदऱ्याची. जूनचा पहिला आठवडा, काजवे बघायला गेलेलो, मी आणि नवरा, पहाटेची कसारा लोकल पकडून आणि पुढे जीपने. पाण्याच्या काठापासून बऱ्यापैकी वर, मऊ मातीत टेंट लावला, आठही खुंट्या मस्त आत गेल्या. संध्याकाळी साडेसातपर्यंत वाऱ्याची झुळूक नाही, आणि मग वळवाचा पाऊस आला तो एकदम आडवाच आला. वीस मिनिटं टेंट एका बाजूने आत दाबला जात होता, पोल इतका वाकला की छत माझ्या कपाळाला लागलं, आणि सोडलं की परत जागेवर. इथे मी या टेंटला पूर्ण मार्क देते. अॅल्युमिनियमचा पोल वाकतो आणि परत येतो, आमच्या आधीच्या स्वस्त टेंटचे फायबरचे पोल अशाच एका वाऱ्यात उभे चिरले होते आणि त्या चिरीने फ्लाय फाडला होता.

पण एक गोष्ट आम्ही नशिबाने बरोबर केली होती, पायाची अरुंद बाजू वाऱ्याकडे होती. या नमुन्यात पायाकडची बाजू बुटकी आणि उतरती असते, वारा तिच्यावरून घसरून जातो. दरवाजा कुशीला आहे, वारा फिरून कुशीवर आला की अख्खा फ्लाय शिडासारखा फुगतो. वारा फिरला तेव्हा ती पाच मिनिटं आम्ही दोघं आतून पोल हाताने धरून बसलो होतो. मधल्या दोन दोऱ्या, ज्या लोक पिशवीतून काढतच नाहीत, त्या बांधलेल्या होत्या म्हणून निभावलं. त्या दोऱ्या बांधा. आकाश निरभ्र असलं तरी बांधा, रात्री पावसात बाहेर येऊन बांधणं फार वाईट काम आहे.

आणि विजा. टेंट विजेपासून कसलंही संरक्षण देत नाही, उघड्यावर एकट्या उभ्या असलेल्या टेंटमध्ये बसणं धोक्याचंच. त्या दिवशी कडकडाट जवळ आल्यावर आम्ही टेंट तसाच टाकून गावातल्या पक्क्या घरात जाऊन थांबलो, तासाभराने परत आलो तर टेंट उभा होता आणि आत कोरडा. फक्त जाळीच्या खालच्या भागावर चिखलाचे बारीक शिंतोडे होते, कारण फ्लायची कड जमिनीपासून वीतभर वर राहते आणि जोराचा पाऊस जमिनीवर आपटून खालून आत उडतो. माझी उशीची बाजू तांबूस ठिपक्यांनी भरली होती, पण ओलं म्हणावं असं काही नव्हतं.

दुसरी रात्र राजमाचीची, जुलैचा मध्य, आणि या टेंटबद्दल मला जे काही कळलं ते बहुतेक इथेच कळलं. वारा नाही, विजा नाही, दिवसभर एकसारखी धार, आणि अख्खा डोंगर ढगात बुडालेला. कर्जतवरून कोंदिवडेमार्गे वर चढलो, उधेवाडीत जेवलो, तिथल्या काकांना विचारून त्यांच्याच जागेत टेंट लावला. पहिला त्रास लावतानाच झाला. या टेंटमध्ये इनर आधी उभा करायचा आणि मग वरून फ्लाय, म्हणजे ती तीन-चार मिनिटं पाऊस थेट जाळीतून तळावर पडतो. आत शिरलो तेव्हा तळात पातळ तळं साचलेलं. नवऱ्याने पंचाने पुसलं आणि बाहेर पिळलं, चार वेळा, आणि पंचासारखं काम कुठलाही महागडा टॉवेल करत नाही, हलका, पटकन पितो आणि पिळला की परत तयार. आता आम्ही फ्लाय आधी इनरवर सैल पांघरतो आणि त्याच्याखाली हात घालून पोल बसवतो. दोघं असाल तर जमतं, एकट्याला कठीण आहे. ज्यांना जुलै-ऑगस्टमध्येच फिरायचंय त्यांनी फ्लाय आधी लागणारा किंवा दोन्ही एकत्र उभा राहणारा टेंट बघावा, तो फरक पहिल्याच दिवशी कळेल.

रात्री साडेबाराला मला जाग आली कारण तोंडावर थेंब पडत होते. टॉर्च लावला, फ्लायच्या आतल्या बाजूला मोत्यांसारखे थेंब चिकटलेले, अगदी दाटीवाटीने, आणि पावसाचा मोठा थेंब बाहेरून आपटला की आतले दहा-बारा सुटून जाळीतून खाली येत होते. मी नवऱ्याला उठवलं, “अरे गळतंय.” त्याने बोट फिरवलं, वास घेतला, शिवणी तपासल्या, सगळ्या कोरड्या. “गळत नाहीये गं, हा आपलाच श्वास आहे.” आणि ते खरं होतं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून सहज पाव-अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतात, त्यात आम्ही ओले रेनकोट आणि ओले मोजे आत घेऊन झोपलेलो, आणि बाहेरची हवा ढगातली, म्हणजे आधीच भिजलेली. ती वाफ गार कापडाला लागली की थेंब होणारच, कापड कितीही हजार एमएमचं असो. उलट ज्या कोटिंगमधून पाणी आत येत नाही त्यातून वाफही बाहेर जात नाही.

आणि चूक आमची होती हे सरळ सांगते. थंडी वाजते म्हणून आम्ही वरची छोटी खिडकी बंद केली होती आणि फ्लायच्या चेन पूर्ण खाली ओढल्या होत्या. मी खिडकी उघडली, दरवाजाची चेन वरून वीतभर उघडी ठेवली, ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून बाहेर पडवीत ठेवले, टेंटची पडवी म्हणजे इनरच्या चेनच्या बाहेर फ्लायखाली जी तिकोनी जागा असते ती. थेंब गेले नाहीत, ढगात बसल्यावर ते पूर्ण जाणारच नाहीत, पण टपटप थांबली.

दुसरी गोष्ट त्याच रात्रीची. नायलॉन पाणी पितं आणि ताणतं. संध्याकाळी ढोलकीसारखा ताणून लावलेला फ्लाय दोन तासांत सैल होऊन पोटासारखा लोंबायला लागला आणि इनरच्या जाळीला जाऊन टेकला. जिथे टेकला तिथून फ्लायच्या आतल्या बाजूचे सगळे थेंब जाळीतून आत, माझ्या स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू त्यामुळेच भिजली. उपाय साधा आहे, लावल्यावर तासाभराने एकदा आणि झोपायच्या आधी एकदा सगळ्या दोऱ्या परत ओढायच्या. पॉलिस्टरचं कापड ओलं होऊन असं फारसं ताणत नाही, पुढचा टेंट घेताना मी त्याच कापडाचा घेणार, थोडं वजन वाढलं तरी चालेल.

पहाटे पहाटे अजून एक झालं. मॅटच्या बाजूला तळाखाली काहीतरी गोळा हलत होता, हळूहळू माझ्या कमरेकडून खांद्याकडे. खेकडा. पावसाळ्यात डोंगरात ते फिरतातच, आणि टेंटखालची कोरडी जागा त्याला आवडली असावी. तळ फाटेल म्हणून मी श्वास रोखून पडून राहिले, तो उजवीकडे वळला आणि बाहेर पडला. तळाला ओरखडाही नव्हता, त्या कापडाचं मला खरंच कौतुक वाटलं.

आता खुंट्यांबद्दल, कारण आपल्याकडे या नमुन्याचा खरा कमकुवतपणा तिथे आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. हा टेंट स्वतःच्या पायावर पूर्ण उभा राहत नाही. डोक्याकडचे दोन कोपरे पोलवर उभे असतात, पण पायाकडचे दोन्ही कोपरे आणि पडवी हे खुंटीनेच ताणावे लागतात. मऊ मातीत काही प्रश्न नाही, पण सह्याद्रीत आपण टेंट लावतो कुठे? कातळावर, नाहीतर बोटभर मातीखाली बेसॉल्ट असलेल्या सड्यावर. खुंटी दोन इंच जाते आणि टण्ण करून थांबते, जोर केला तर वाकते, माझ्या आठपैकी तीन वाकल्यात. अशा वेळी दोरीला आडवी काडी किंवा खुंटी बांधायची, ती जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्यापुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला दोरीवर मोठा दगड ठेवायचा, काडी दगडाला अडकून बसते आणि दोरी सुटत नाही. नुसता दगड दोरीवर ठेवला तर वारा रात्रभरात त्याखालून दोरी ओढून काढतो.

तिसरी रात्र त्याचीच. दुसऱ्या वर्षीचा ऑगस्ट, हरिश्चंद्रगडाला जायचं म्हणून राजूरवरून पाचनईला पोचलो तोवर अंधार पडत आलेला आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कड्याजवळ पावसात टेंट लावायचा आमचा विचारच नव्हता, कोकणकड्यावर खालून वर चढणारा वारा ज्याने अनुभवलाय तो असला हट्ट करणार नाही. एका मावशींकडे जेवण सांगितलं आणि अंगणात टेंट लावू का विचारलं. त्या म्हणाल्या, “लावा की, पण खुट्या नका ठोकू गं बाई, भोकातनं पाणी मुरतं न् अंगण उखडतं.” बरोबरच होतं त्यांचं, चोपून चोपून केलेलं अंगण ते. मग गडग्याचे पडलेले दगड आणून चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या, पण दगडांनी पायाकडचे कोपरे पाहिजे तेवढे बाहेर ताणले गेले नाहीत, आणि तिथे आम्ही मोठी चूक केली.

टेंटखाली आम्ही जाड प्लास्टिक अंथरतो, नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून किलोवर आणलेलं, पावसाळ्याआधी लोक पत्र्यांवर टाकतात तेच निळं. ते टेंटच्या तळाच्या मापाने कापलेलं होतं, पण तळच आकसून लागल्यामुळे प्लास्टिक पायाकडे वीतभर बाहेर राहिलं. फ्लायवरून ओघळणारं सगळं पाणी त्या बाहेरच्या तुकड्यावर पडलं आणि तिथून सरळ आमच्या खाली, प्लास्टिक आणि तळाच्या मधे. दोनच्या सुमाराला मी कूस बदलली तर खाली पाणी हलल्यासारखं वाटलं, हात दाबला तर तळ पाण्याच्या फुग्यासारखा डुचमळत होता. मॅटवर होतो तोपर्यंत ठीक, पण जिथे नवऱ्याचं कोपर मॅटवरून घसरून तळावर दाबलं जात होतं तिथे ओलसर डाग हळूहळू पसरत होता. खालचं प्लास्टिक तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहानच पाहिजे, मोठं असण्यापेक्षा नसलेलं बरं.

त्यातच फ्लायची एक शिवण उघडली होती, दरवाजाच्या वरची. शिवणीवर आतून जी पारदर्शक पट्टी असते ती चार बोटं सुटून लोंबत होती आणि तिच्या टोकावरून थेंब थेंब इनरवर. दोन वर्षांत बाहेरचं पाणी फ्लायमधून आत आलं ते एवढंच. मावशींना खुडबूड ऐकू गेली असणार, त्या कंदील घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “या पडवीत, कशाला भिजताय.” घराच्या पडवीत शेणाने सारवलेली कोरडी जमीन, बाजूला शेळ्या, आणि आम्ही सकाळी सातपर्यंत गाढ झोपलो.

शिवणीची तक्रार कंपनीकडे केली, फोटो पाठवले, पंधरा दिवसांनी उत्तर आलं की वापराने झालंय, वॉरंटीत बसत नाही. मला हे पटलेलं नाही, कारण पट्टी दुसऱ्याच पावसाळ्यात सुटली. पण एक कारण आमच्याकडेही आहे आणि ते मुंबईकरांनी नीट ऐकावं. इथली हवाच ओली. टेंट वाळलाय असं वाटून आपण पिशवीत भरतो, माळ्यावर टाकतो आणि आठ महिने विसरतो. पीयूचं कोटिंग ओलाव्यात हळूहळू कुजतं, चिकट होतं, आमच्या जुन्या टेंटला तर ओकारीसारखा वास यायला लागला होता आणि घडी उलगडताना कापड कापडाला चिकटून फाटल्याचा आवाज यायचा. एकदा तसं झालं की त्याला उपाय नाही. त्यामुळे परत आल्यावर कितीही दमलेलो असलो तरी टेंट त्याच रात्री पिशवीतून बाहेर काढायचा. आमचं घर वन बीएचके, फ्लाय बेडरूमच्या दारावर, इनर खिडकीच्या ग्रिलपासून पंख्याखालच्या दोरीपर्यंत, आणि पंखा दोन दिवस पाचवर. शिवणी आणि पट्ट्यांच्या घड्या सगळ्यात शेवटी वाळतात, तिथे हात लावून बघायचं. मग तो घट्ट गुंडाळायचा नाही, उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल कोंबून कपाटात ठेवायचा. वॉशिंग मशीनमध्ये कधीही घालू नका.

जागेबद्दल थोडक्यात. दोन माणसांचा म्हणजे दोन माणसं फक्त. डोक्याकडे रुंदी साधारण १३० सेंटिमीटर आणि पायाकडे ११०, साधी मॅट ५१ सेंटिमीटर रुंद, दोन ठेवल्यावर कुशीला बोटं घालायला जागा उरते. सॅक पडवीतच, मोठ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून. सहा फुटांचा माणूस असेल तर पाय कापडाला टेकणार आणि पावसात तिथे भिजणारच. आणि पाऊस आहे म्हणून स्टोव्ह आत पेटवू नका, अगदी चहापुरताही नाही. हे कापड क्षणात पेट घेतं आणि बंद जागेत जळण्यातून होणारा विषारी वायू साचतो. पावसात गरम पाहिजे तर गावात सांगून ठेवा, लोक आनंदाने करून देतात आणि त्यांनाही चार पैसे मिळतात.

जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी, मऊ माती मिळणार असेल तर हा टेंट मी बिनधास्त घ्या म्हणेन, या वजनात आणि या पैशात वाऱ्याला असा टिकणारा मला दुसरा दिसला नाही. ऐन जुलै-ऑगस्टसाठी नाही. त्यासाठी चारी कोपरे पोलवर उभे राहणारा, फ्लाय आधी लागणारा, पॉलिस्टरचा, अर्धा किलो जड असला तरी तोच.

शिवण मी घरीच दुरुस्त केली. सुटलेली पट्टी पूर्ण काढली, आतली बाजू पुसून पीयूचा सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवायचा चिकट द्राव लावला, आणि बाहेरच्या सिलिकॉनच्या बाजूला हार्डवेअरवाल्याकडचं पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून जुन्या ब्रशने शिवणीवर ओढलं. सिलिकॉनवर सिलिकॉनच चिकटतं, दुसरं काही लावलं तर सोलून येतं. एक दिवस वाळू दिलं. मग गेल्या शनिवारी रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पाइपांना दोऱ्या बांधून टेंट उभा केला, आत तळभर वर्तमानपत्रं पसरली आणि झोपायला घरी आले. रात्रभर धो धो पडला. सकाळी कागद उचलून बघितले, ओला डाग आला की कागदावर लगेच दिसतो, दरवाजाखालचे सगळे कोरडे होते, फक्त पायाकडच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक डाग होता. तिथेही ब्रश फिरवलाय, तो अजून वाळतोय.